गोदामातली ओ

२ सप्टेंबर

आज रुजू झालो. जागा बदलली की मी रोजनिशी लिहायला घेतो आणि महिन्याभरात ती बंद पडते, हे आमच्या हिला पाठ आहे. बॅग भरताना वही तिनेच वर ठेवली. म्हणाली, निदान आम्ही दोघी येईपर्यंत तरी लिहा, म्हणजे आल्यावर मला एकेक गोष्ट उकरून काढायला नको. लेकीची परीक्षा झाली की त्या येणार. तोवर मी, ही खोली आणि खालचा पंक्चरवाला.

खोली झकास आहे. जिना बाहेरून, खिडकी थेट कारखान्याकडे. खाली हवा भरायचा पंप दिवसभर उचक्या देत असतो, पण त्याची सवय होईल. बसमधून पाय खाली टाकला आणि तळणीचा वास आला तशी मला एकदम कडकडून भूक लागली. पंक्चरवाला हसला. पहिल्या महिन्यात सगळे असेच भुकेले असतात म्हणे. दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या शर्टाचा वाससुद्धा नको होतो. बघू. मी तर कोपऱ्यावरून वेफर्सचा एक पुडा घेतला आणि जिना चढेपर्यंत संपवला.

आजवर दुसऱ्यांच्या गोदामांत सिमेंट सांभाळलं, खत सांभाळलं, कापडाचे तागे सांभाळले. जिवंत माल पहिल्यांदाच.

३ सप्टेंबर

साहेबांनी आज सगळा कारखाना बघून घ्यायला सांगितलं आणि मला मास्तरांच्या हवाली केलं. मास्तर म्हणजे तळणीवरचे मुख्य. शाळेत नापास होण्याचा विक्रम केला म्हणून लोक मास्तर म्हणतात, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

ट्रक आला की आधी टोपलीभर बटाटे काढून तिथेच कापून तळून बघतात. रंग सोनेरी आला तर ट्रक आत, तांबूस आला तर आल्या वाटेने परत. मग पाण्याच्या पाटातून बटाटे वाहत जातात, दगड-माती तळाशी बसते. पुढे खरखरीत रुळांचं एक मोठं पिंप आहे, त्यात बटाटा लोळला की साल निघून पांढराफेक होऊन बाहेर पडतो. काप करायच्या यंत्राची गंमत वाटली. त्यात पाती जागची हलत नाहीत, बटाटाच गरगर फिरून त्यांच्यावर आदळतो. चकती इतकी पातळ की बोटावर ठेवली तर खालचं बोट दिसतं. ती धुतली की पाणी दुधासारखं होतं. ते सगळं पिठूळ सत्त्व. ते काढलं नाही तर चकत्या एकमेकींना चिकटतात.

मग मास्तरांची कढई. कढई कसली, लांबलचक हौदच तो. चकत्या पडल्या की असा गलका उठतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मास्तर म्हणाले, बटाट्यात बहुतेक पाणीच असतं, ते जाताना ओरडतं. ओरडणं थांबलं की समजायचं, झालं.

पुढे निवडीचा पट्टा. दोन्ही बाजूंना बायका बसतात आणि सरकत्या पट्ट्यावरून डागाळलेले, करपलेले वेफर वेचून टाकतात. त्यानंतर मिठाचं फिरतं पिंप, आणि शेवटी पुडे. पुड्यात भरतात ती साधी हवा नसते, वेगळा वायू असतो, नाहीतर तेल खवट होतं. मी म्हटलं, म्हणजे निम्मा पुडा वायूचाच. मास्तर म्हणाले, हे बाहेर बोलू नका.

निवडीच्या पट्ट्यावर पहिल्या जागी बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. चाळिशीच्या असतील. मास्तरांनी सांगितलं की हे गोदामाचे नवे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बोटं मात्र पट्ट्यावर तशीच चालत होती. आत गारवा फार असतो, स्वेटर घालत जा, एवढंच म्हणाल्या.

६ सप्टेंबर

माझं राज्य एकदाचं समजलं. एक लांब बोळ, बोळात चार कोठ्या, प्रत्येक कोठीत छताला टेकायला आलेला बटाट्यांचा ढीग. बोळाच्या मध्यावर माझं टेबल आणि तळणीशी, चौकीदाराशी बोलायचा फोन. बाहेरचे फोनही त्यावरच येतात, गोदामात मोबाइल लागत नाही म्हणून हिलाही तोच नंबर दिलाय. कोठ्यांची दारं गादीसारखी जाड, गारवा बाहेर पडू नये म्हणून. दारात तोंडाच्या उंचीला एक झडप आहे, तिला जाळी. त्यातून आतला ढीग बघायचा.

बटाटा श्वास घेतो, हे मला या वयात कळलं. फार गरम झालं तर त्याला कोंब फुटतात. फार गार झालं तर तो गोड होतो, आणि गोड बटाटा तळला की काळवंडतो. मधल्यामध्ये त्याला निजवून ठेवायचं, हे माझं काम. आणि निजला तरी तो श्वास घेतच असतो. पंखे बंद पडले तर कोठीतली चांगली हवा तो पिऊन टाकतो आणि वाईट हवा खाली साचते. तिला ना रंग, ना वास. म्हणून आधी पंखा लावायचा, थोडं थांबायचं, दाराला क्रेट अडकवायचा, मगच आत पाऊल टाकायचं.

माझ्याआधीचे गोदामवाले चौथ्या कोठीतच गेले. पंख्याचा पट्टा तुटला होता, तो बघायला म्हणून आत शिरले. सापडले तेव्हा ढिगाला टेकून बसलेले होते, झोपल्यासारखे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. वहिनी त्यांची बायको. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा ते तेलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मला वाईट वाटलं. आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं, कुणाच्या तरी गादीवर न विचारता बसल्यासारखं.

१२ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत मी चौथ्या कोठीत होतो, ढिगाच्या पलीकडे, पारा बघत. पंखा चालू होता, दार जरा उघडं. तेवढ्यात झडपेपाशी बाईचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"

घरी मला हीच हाक. मी हातातलं काम न सोडता सवयीने म्हटलं, "ओ."

मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, गेली असेल कोणी. आणि मग तोच आवाज, पण आता कापरा. जेवलात का, असं विचारलं. मामंजींनी आज सकाळी सगळं जेवण संपवलं म्हणाली. नळाचा वॉशर बदलला म्हणाली, पण अजून थेंब पडतोच आहे.

'मामंजी' ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वहिनी, आणि बोलतायत दादांशी. मी जागच्या जागी गोठलो. बाहेर यावं तर कुठल्या तोंडाने, आणि न यावं तर तिथे उभं राहून किती ऐकायचं. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ऐकताय ना?" त्या विचारण्यात असं काही होतं की माझ्या तोंडून पुन्हा "हं" निघून गेलं.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि त्या गेल्या. मास्तरांना विचारलं तेव्हा कळलं की त्या रोज या वेळी येतात, दादा गेल्यापासून. कोणी अडवत नाही. अडवून तरी काय म्हणणार.

मी ओ दिली, हे मास्तरांना सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर

आज खरं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. त्या आल्या. आज त्यांनी केसांना तेल लावून नीट वेणी घातली होती. झडपेच्या जाळीतून मी पाहिलं आणि माझा धीर सुटला.

पुन्हा ओ दिली.

२२ सप्टेंबर

आता याची सवयच झाली आहे, मलाही आणि बहुधा त्यांनाही. सुट्टी झाली की मी चौथ्या कोठीत जाऊन ढिगाआड उभा राहतो. माझ्या वाट्याला फक्त "ओ" आणि "हं". बोलतात त्या.

घरात त्या आणि सासरे, एवढीच माणसं. सासऱ्यांना आता फारसं आठवत नाही. दिवेलागणीला दाराकडे बघून विचारतात, आला का तो? वहिनी म्हणतात, आज जास्तीचं काम आहे, उशीर होईल. रोज तेच विचारतात, रोज तेच उत्तर. म्हातारा समाधानाने पडून राहतो. दादा असताना रोज त्यांचे गुडघे चोळून द्यायचे. दिवस कितीही वाईट गेलेला असो, बापाचे गुडघे चोळल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. ते औषधी तेल दादांनी कुठेतरी ठेवलं होतं, ते काही सापडत नाही. "कुठे ठेवलंत हो तेल?" असं त्या रोज विचारतात. याला काही ओ देता येत नाही.

मला वाटतं, मी तेच करतोय जे त्या सासऱ्यांसाठी करतात. पाप नसावं.

हिला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, आवाज बसलाय तुमचा. गारव्यात उभं राहून बसला असेल.

२८ सप्टेंबर

मास्तरांची कुरकुर. चौथ्या कोठीतला माल तळला की काळवंडतोय, निवडीच्या बायकांचे हात पुरत नाहीत. म्हणजे तो गोड झाला. पण पारा जिथे हवा तिथेच आहे. मी दोनदा दुसरा पारा लावून बघितला. इतर तीन कोठ्या ठीक. साहेब म्हणाले, पंख्याची दिशा बदला. बदलली.

घशाला गोळ्या घेतल्या. फरक नाही.

१ ऑक्टोबर

दोन दिवस साहेबांबरोबर नवा माल बघायला शेतांवर गेलो होतो. आज परत आलो. चौथ्या कोठीला तेवढे दिवस कुलूप होतं, किल्ली चौकीदाराकडे. आत कोणी जायचा प्रश्नच नव्हता.

चहाच्या वेळी वहिनी स्वतःहून माझ्यापाशी आल्या. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना हसताना पाहिलं. म्हणाल्या, तेल सापडलं हो. माळ्यावर जुन्या पंख्याच्या खोक्यात होतं, कापडात गुंडाळलेलं.

मी म्हटलं, बरं झालं. कसं काय सापडलं?

म्हणाल्या, यांनीच सांगितलं काल.

३ ऑक्टोबर

दोन दिवस मी सुट्टीच्या वेळी कोठीत गेलो नाही. टेबलापाशी बसून राहिलो. वहिनी आल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि झडपेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोलत होत्या. मध्ये थांबत होत्या. माणूस समोरच्याचं ऐकून घेताना थांबतो, तशा.

मला काही ऐकू आलं नाही. बोळात पंख्यांची घरघर असते.

स्वतःला समजावलं की तेल त्यांनाच आठवलं असेल. मनात खोलवर असतं, एखाद्या दिवशी वर येतं.

७ ऑक्टोबर

सकाळी मास्तर चिडून आले. मी फोनवर आज चौथ्या कोठीचा माल घ्या म्हणालो आणि तो तसाच काळा निघाला म्हणे. मी त्या वेळी वजनकाट्यावर होतो. काट्यावरचे दोघे साक्षीला आहेत. मास्तर म्हणाले, मग माझ्याशी कोण बोललं? तुमचाच आवाज होता. उलट आज घसा बराच मोकळा वाटला, तसं मी तुम्हाला विचारलंही, आणि तुम्ही हो म्हणालात.

माझ्या तोंडून धड शब्दही फुटत नव्हता. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले आणि मग कढईकडे परत गेले.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. काही नाही म्हणाले. सूजसुद्धा नाही.

९ ऑक्टोबर

आज वहिनींना गाठून सगळं सांगितलं. निवडीच्या पट्ट्यामागे मोकळे क्रेट रचतात तिथे. आवाज येईना म्हणून जवळजवळ कुजबुजतच.

"वहिनी, आत ओ देणारा मी होतो. माफ करा."

त्या म्हणाल्या, "ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, भाऊजी. इतकी वर्षं संसार केला, नवऱ्याची ओ ओळखू येणार नाही का मला?"

मी म्हटलं, मग तुम्ही बोलत का राहिलात?

"तुम्ही एवढ्या मायेने ओ दिलीत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि कुणीतरी ओ देत होतं ना. घरात माझ्या हाकेला ओ देणारं कोण आहे?"

मी विचारलं, आणि आता?

आता तेच आहेत, म्हणाल्या. आवाज तुमचाच आहे, पण तेल कुठे आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा भांडलो ते कशावरून, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, दादा त्यांच्या वडिलांची चौकशी करतात का?

वहिनींचा चेहरा हळूहळू उतरला. हातातला डागाळलेला वेफर त्यांनी क्रेटच्या कडेवर ठेवला.

"नाही," म्हणाल्या. "एकदाही नाही."

१० ऑक्टोबर

झोप नाही. एकच विचार. दादा त्या कोठीत संपले. त्यांच्याबरोबर जे काही होतं, तेल, भांडणं, आठवणी, ते आतच राहिलं असेल, आणि कुणीतरी ते उचकत बसलंय. पण त्याला तोंड नव्हतं. ते मी दिलं.

साहेबांकडे गेलो. चौथी कोठी रिकामी करून टाका म्हटलं. कारण सांगितलं, माल गोड झालाय, दुसऱ्या कोठ्यांनाही लागण होईल. खोटंच. साहेबांना पटलं. सतरा तारखेला पिठाच्या कारखान्याचे ट्रक येतील, सगळा माल घेऊन जातील.

१२ ऑक्टोबर

वहिनींचे सासरे गेले. आम्ही कारखान्यातले चारजण गेलो होतो. म्हातारा शेवटपर्यंत दाराकडे बघत होता म्हणे. वहिनी रडल्या नाहीत. माळ्यावर सापडलेली तेलाची बाटली उशाशी होती, अर्धी संपलेली. त्यांनी ती उचलून पुसली, आणि कुठे ठेवावी ते न कळल्यासारख्या हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

१३ ऑक्टोबर

दुसऱ्याच दिवशी त्या कामावर. घरी बसून काय करू म्हणाल्या.

सुट्टीत झडपेकडे गेल्या. मी आडवा आलो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, हळूच, मुलाला करावं तसं.

नंतर टेबलापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, सांगितलं त्यांना, मामंजी गेले म्हणून. ते म्हणाले, "बरं." आणि मग म्हणाले, "तू ये आता."

मी कागदावर लिहून दाखवलं, ते दादा नाहीत. आवाज आता अजिबात फुटत नाही.

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, ठाऊक आहे.

१४ ऑक्टोबर

चौथ्या कोठीला दुसरं कुलूप घातलं. किल्ली चौकीदाराकडे, कुणालाही द्यायची नाही असं लिहून दिलं.

हिचा फोन आला. मी बोलू शकलो नाही, ती हॅलो हॅलो करत राहिली. मेसेज केला, घसा गेलाय, येण्याची घाई करू नका. तिचं उत्तर आलं, मग तर लवकरच यायला हवं.

१५ ऑक्टोबर

आज मी ऐकलं.

बोळात कोणी नव्हतं. मी टेबलापाशी. चौथ्या झडपेतून मी बोलत होतो. मोकळा, खणखणीत, महिन्याभरापूर्वीचा माझा आवाज. "आहे ना. इथेच आहे. येताना दार लावून घे."

कुणाशी — कोणी नव्हतं. सराव करत असल्यासारखं —

मी पळालो. लाज वाटते लिहायला. पळालो.

१६ ऑक्टोबर

सकाळ. उद्या ट्रक येणार. एकच दिवस. वहिनींना लिहून विनवलं, आज घरी थांबा. हो म्हणाल्या.

दुपार. पट्ट्यावरच्या बायका म्हणतात वहिनी आल्या होत्या, सुट्टीत गेल्या त्या परतल्या नाहीत. चौकीदाराकडे धावलो. किल्ली नाही. तो म्हणतो, तुम्हीच आता फोन केलात, वहिनींना द्या म्हणून. साहेब, तुमचाच आवाज होता —

कोठीचं दार उघडंच होतं, वहिनी ढिगापाशी पडलेल्या. तेव्हापासून आत आहे. वही खिशात होती. झडपेच्या जाळीतून उजेडाची एक पट्टी येते, तिच्यात लिहितोय.

क्रेट अडकवला होता. नक्की अडकवला होता. त्यांना उठवायला ढिगापाशी गेलो आणि मागे दार लागलं. आतली मूठ फिरते, दार हलत नाही. पंखा बंद. त्याचं बटण बाहेर. मोबाइलला रेंज नाही.

वहिनींना ओढत झडपेपाशी आणलंय. खाली बसू द्यायचं नाही, वाईट हवा खाली असते. माझ्या खांद्यावर डोकं आहे त्यांचं. श्वास चालू आहे. स्वेटर घालून आल्या होत्या. नवा.

ठोकतोय. गादीवर ठोकल्यासारखं. ओरडतो तर तोंडातून नुसता वारा.

मास्तर आले. बोळाच्या टोकाशी. पावलं ओळखीची. विचारलं, चौथीत कोणी आहे का?

बाहेरून मीच सांगितलं. आत कोणी नाही, मास्तर. मी हा इथे. वहिनी केव्हाच घरी गेल्या.

बरं, म्हणाले. घसा सुटला वाटतं, म्हणाले.

गेले —

डोकं जड. अक्षर नीट — वहिनींनी डोळे उघडले. म्हणाल्या, अहो, आहात ना. मी हात दाबला. त्यांनीही दाबला. मग म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही कशाला आलात हो. मग काही नाही.

त्यांचा हात आता —

फोन वाजतोय. टेबलावरचा. थांबला. उचलला कुणीतरी.

मी हसतोय बाहेर. हो हो, मीच. मोबाइल लागत नसेल इथे. घसा एकदम ठणठणीत. लेक कशी आहे. परीक्षा संपली ना. मग वाट कसली बघता. खोलीवर नका जाऊ, थेट गोदामातच या, मी असतोच —

ही. ही आहे फोनवर.

ही वही तुझ्या हाती लागली तर ऐक. तो मी नाही. मी कितीही हाका मारल्या, कितीही गोड बोलून बोलावलं, तरी माझी शपथ आहे, लेकीला घेऊन तू इकडे ये